नैराश्यावर केटामाइन : सलाईन, फवारा की आणखी काही?

‘नैराश्यावरचे नवे औषध’ म्हणून केटामाइनचे नाव अलीकडे वर्तमानपत्रांतून वाचायला मिळते, तेव्हा आम्हा भूलतज्ज्ञांना जरा गंमत वाटते. आमच्या ट्रेमधले हे जुने औषध. १९६२ साली अमेरिकेतल्या पार्क-डेव्हिस या कंपनीसाठी केल्व्हिन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केले. १९६४ मध्ये मिशिगन राज्यातल्या तुरुंगातील कैद्यांवर त्याची पहिली चाचणी झाली. त्या काळी अशा चाचण्या चालून जात, आज चालणार नाहीत. १९७० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली आणि व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांसाठी ते भरपूर वापरले गेले. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी, जिथे भुलीचे यंत्र नाही आणि ऑक्सिजनचा सिलिंडर केव्हा संपेल याचा भरवसा नाही, तिथे कितीतरी सिझेरियन, हाडे बसवण्याची कामे आणि भाजलेल्या रुग्णांची ड्रेसिंग याच औषधावर पार पडली. कारण नेहमीच्या मात्रेत ते श्वास फारसा मंदावत नाही आणि रक्तदाब पाडत नाही, उलट थोडा चढवते.

एक कटकट मात्र असते. शुद्धीवर येताना रुग्ण बडबडतो. कुणी म्हणते, मी छताला जाऊन लागले होते. कुणाला आपले हात आपले वाटत नाहीत. पहिल्या चाचणीतल्या लोकांचे असे अनुभव डॉ. एडवर्ड डोमिनो यांनी घरी सांगितले, तेव्हा त्यांच्या पत्नीने ‘डिसोसिएटिव्ह’ हा शब्द सुचवला. मनाची शरीरापासून फारकत करणारी भूल, असा त्याचा अर्थ. तोच शब्द पुढे शास्त्रात रूढ झाला.

या औषधाचा नैराश्याशी संबंध जोडणारा पहिला छोटा प्रयोग २००० साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. अवघ्या सात रुग्णांचा. त्यात किलोमागे अर्धा मिलिग्रॅम इतकी मात्रा ४० मिनिटांत शिरेतून दिली होती. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिलिग्रॅम. शस्त्रक्रियेसाठी आम्ही याच्या दुप्पट ते चौपट औषध मिनिटभरात देतो. पुढे २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. कार्लोस झराटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ रुग्णांना हीच मात्रा दिली. हे सगळे पूर्वीची औषधे करून थकलेले लोक. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या ७१ टक्क्यांची लक्षणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरली होती. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला तीन-चार आठवडे लागतात, हे ज्यांनी घरात अनुभवले आहे त्यांना ‘दुसऱ्या दिवशी’ या शब्दांची किंमत कळेल. पण त्याच प्रयोगात आणखी एक आकडा होता. ही सुधारणा आठवडाभर टिकली ती ३५ टक्क्यांमध्ये. बातमी पहिल्या आकड्याची झाली. माझ्या मते, कोणता उपचार निवडायचा हा सगळा प्रश्न त्या दुसऱ्या आकड्यातच आहे.

गेली काही वर्षे मानसोपचारतज्ज्ञ मला केटामाइनच्या सलाईनच्या वेळी बोलावतात. बाहेर बाकावर नातेवाईक बसलेले असतात, आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. “मॅडम, सलाईन बरं की तो नाकातला स्प्रे? आमचा भाचा अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडे स्प्रेच देतात.”

त्याचे उत्तर देण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. हा उपचार कुठल्याही नैराश्यासाठी नाही. उपचारांना दाद न देणारे नैराश्य कशाला म्हणायचे याची सर्वसाधारण व्याख्या अशी, की दोन वेगवेगळी औषधे, प्रत्येक पुरेशा मात्रेत, प्रत्येक किमान सहा आठवडे घेऊनही फरक नाही. ‘स्टार-डी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे चार हजार रुग्णांच्या अमेरिकन अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण एक-तृतीयांश लोक पूर्ण बरे झाले. पण दोन औषधे निष्फळ ठरल्यावर तिसऱ्या पायरीवर बरे होणाऱ्यांचे प्रमाण १३-१४ टक्क्यांवर आले. हे २००६ चे आकडे. नंतरच्या फेरतपासणीत काही संशोधकांनी ते प्रत्यक्षात याहूनही कमी असल्याचे मांडले आहे. म्हणजे असे रुग्ण थोडेथोडके नाहीत. मात्र व्याख्येतले ‘पुरेशा मात्रेत’ आणि ‘सहा आठवडे’ हे शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरले जातात. अॅसिडिटी होते म्हणून गोळी अर्धी केलेली असते. शेजारच्या काकूंनी ‘सवय लागते हो त्यांची’ म्हटले म्हणून तिसऱ्या आठवड्यात ती बंद झालेली असते. थायरॉइडची तपासणी झालेली नसते, रोजच्या दारूबद्दल कुणी डॉक्टरांना सांगितलेले नसते, किंवा मधूनमधून येणारा अति उत्साहाचा काळ, ज्यावरून हा आजार साधे नैराश्य नसून बायपोलर आहे हे कळले असते, तो सांगण्यासारखा कुणाला वाटलेला नसतो. जुनी प्रिस्क्रिप्शने तारखांसह एका कागदावर मांडली की कितीदा तरी लक्षात येते, दोन औषधे हरली असे म्हणायचे तर एकही नीट दिले गेलेले नाही. हे काम बिनखर्चाचे आहे आणि ते आधी व्हावे.

आता सलाईन आणि फवारा. केटामाइनच्या रेणूची दोन रूपे असतात, डाव्या आणि उजव्या हातासारखी, आरशातल्या प्रतिमेसारखी. भुलीच्या बाटलीत दोन्ही निम्मी-निम्मी असतात. त्यातले एकच रूप वेगळे काढले, त्याचे नाव एस्केटामाइन. ते नाकातून मारायच्या फवाऱ्याच्या रूपात ‘स्प्राव्हाटो’ या नावाने आले आणि मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी, सोबत एखादी नेहमीची गोळी चालू ठेवण्याच्या अटीवर, मान्यता मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये ती गोळीची अटही काढली गेली. शिरेतून देण्याच्या जुन्या केटामाइनला मात्र नैराश्यासाठी अशी मान्यता नाही. डॉक्टर ते स्वतःच्या जबाबदारीवर वापरतात, ज्याला ‘ऑफ-लेबल’ म्हणतात.

यावरून ‘मान्यता मिळालेले ते सरस’ असा निष्कर्ष काढू नये. जुन्या औषधाचे पेटंट कधीच संपले आहे. कोट्यवधी डॉलर खर्चून मोठ्या चाचण्या करायला आणि मान्यतेचा अर्ज करायला कुठली कंपनी पुढे येणार? पण या नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती मला भूलतज्ज्ञ म्हणून महत्त्वाची वाटते. फवाऱ्याबरोबर नियमांची चौकट आली. अमेरिकेत तो घरी नेता येत नाही. नोंदणीकृत केंद्रातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचा, आधी आणि नंतर रक्तदाब मोजायचा आणि दोन तास तिथेच थांबायचे. सलाईनवाल्या क्लिनिकांवर तिकडे अशी सक्ती नव्हती. बघता बघता ती शेकड्यांनी उघडली. काही उत्तम, काही नुसती आरामखुर्ची आणि मंद संगीत.

गुणाच्या बाबतीत म्हणाल तर दोन्हींची तुलना करणारे बरेचसे अभ्यास आडमार्गाचे आहेत. एका चाचणीतले आकडे दुसऱ्या चाचणीच्या आकड्यांशेजारी ठेवून केलेले. त्यांत पारडे सलाईनकडे झुकते, पण त्यावर फार भार टाकू नये. फवाऱ्याचे आकडे मोठ्या चाचण्यांतले आहेत आणि ते नम्र आहेत. मान्यतेसाठी महत्त्वाच्या ठरलेल्या एका चाचणीत, ६० गुणांच्या मोजपट्टीवर खऱ्या फवाऱ्याचा गट आणि नुसत्या पाण्यासारख्या फवाऱ्याचा गट यांच्यातला फरक सुमारे ४ गुणांचा होता. दोन्ही गट बरेच सुधारले होते, कारण दोघांनाही नवी गोळी सुरू केली होती आणि दोघांकडेही कुणीतरी आठवड्यातून दोनदा नीट लक्ष देत होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात फवाऱ्याची तुलना क्वेटियापिन या, आपल्याकडे सहज मिळणाऱ्या गोळीशी केली. आठ आठवड्यांनी पूर्ण बरे झालेले : फवाऱ्यावर २७.१ टक्के, गोळीवर १७.६ टक्के. म्हणजे दहा माणसांत साधारण एक जास्त. ही लहान गोष्ट नव्हे, पण जाहिरातीतला चमत्कारही नव्हे. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये पुरावा आणि खर्च तोलून या फवाऱ्याची शिफारस करायचे नाकारले.

तिसरा एक मार्ग आहे, ज्याची चर्चा फार होत नाही. इन्सुलिनसारखे त्वचेखाली टोचायचे साधे, जुने, स्वस्त केटामाइन. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये त्याची चाचणी झाली, तीही २०२३ मध्येच प्रसिद्ध झाली. तुलनेला मिडॅझोलॅम हे गुंगीचे औषध होते, म्हणजे रुग्णाला ‘काहीतरी चढले’ असे दोन्हीकडे वाटावे. किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या ठरीव मात्रेत काहीच फरक दिसला नाही. ज्यांची मात्रा प्रतिसाद पाहून ०.९ पर्यंत वाढवली त्यांच्यात १९.६ टक्के पूर्ण बरे झाले, गुंगीच्या औषधावर फक्त २ टक्के. आपल्यासारख्या देशाने कान टवकारावेत असा हा आकडा आहे, असे मला वाटते.

गुंगीच्या औषधाशीच तुलना का? केटामाइन घेतल्यावर माणसाला कळतेच की आपल्याला खरे औषध मिळाले. मग बरे वाटणे औषधाचे किती आणि आशेचे किती? स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२३ मध्ये आमच्याच क्षेत्रातली युक्ती वापरली गेली. नैराश्य असलेले ४० रुग्ण दुसऱ्याच कुठल्या शस्त्रक्रियेसाठी भुलीखाली असताना काहींना केटामाइन दिले, काहींना नाही. जागे झाल्यावर दोन्ही गट सारखेच सुधारले. आणि ज्यांना बरे वाटण्याची अपेक्षा अधिक होती ते अधिक सुधारले. याचा अर्थ औषध खोटे असा मी लावत नाही. मेंदू भुलीत असताना ते काम करत नसेल, असेही असू शकते. पण ‘हा शेवटचा उपाय’ म्हणून जमीन गहाण ठेवून आलेल्या माणसाच्या अपेक्षेचे काय होते, सहाव्या सलाईननंतरही फरक पडला नाही तर काय होते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. म्हणून कुणी रुग्णासमोर ‘हा शेवटचा उपाय’ म्हणू लागले की मी त्यांना थांबवते. तो शेवटचा नसतोच.

गोळी किंवा चघळायच्या वडीच्या रूपात घरी घ्यायचे केटामाइन अमेरिकेत करोनाच्या काळापासून टपालाने येऊ लागले. तोंडाने घेतल्यावर यकृत त्यातले बहुतेक औषध मोडून टाकते, रक्तात पोहोचते ते जेमतेम पाचवा हिस्सा, तेही माणसागणिक कमीजास्त. रक्तदाब बघायला कुणी नाही, आणि एकीऐवजी दोन घेतल्या तर अडवायला कुणी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला. त्याच महिन्यात ‘फ्रेंड्स’ मालिकेतला नट मॅथ्यू पेरी याचा मृत्यू झाला. शवचिकित्सेत केटामाइनचा तीव्र परिणाम हे कारण निघाले. तो नैराश्यासाठी दवाखान्यात सलाईन घेत होता हे खरे, पण अंगात सापडलेले औषध त्या सलाईनचे नव्हते, इतके दिवस ते शरीरात राहतच नाही. ते बाहेरून मिळवलेले होते, आणि पुढे त्या प्रकरणात दोन डॉक्टरांनी गुन्हा कबूल केला. ज्यांच्यात या औषधाचा नाद लागतो, रोज मोठ्या प्रमाणात ते घेतले जाते, त्यांचे मूत्राशय कायमचे खराब झाल्याचीही उदाहरणे आहेत. भारतात केटामाइन २०१३ पासून ‘शेड्यूल एक्स’ मध्ये आहे, म्हणजे प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागते आणि एक प्रत औषध दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवायची असते. त्यामुळे कुणी फोनवर बोलून ‘घरपोच कोर्स’ देऊ म्हणाले, तर तिथेच फोन ठेवा.

आता ज्याचे नाव काढले की नातेवाईक दचकतात तो उपचार, शॉक. ईसीटी. हिंदी सिनेमांनी त्याची जी बदनामी केली तिला तोड नाही. मी टेबलाच्या डोक्याशी उभी असते म्हणून सांगते, भूल दिलेली असते, स्नायू सैल करणारे औषध दिलेले असते, पायाचा अंगठा थोडा हलतो, पाच-दहा मिनिटांत रुग्ण श्वास घेऊ लागतो. भूल न देता शॉक देण्याला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदीच आहे. केटामाइन आणि ईसीटी यांची समोरासमोर तुलना मात्र झाली आहे, आणि निकाल उलटसुलट आले आहेत. स्वीडनमध्ये रुग्णालयात दाखल असलेल्या १८६ रुग्णांमध्ये ईसीटीने ६३ टक्के बरे झाले, केटामाइनच्या सलाईनने ४६ टक्के. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केटामाइनने ५५ टक्के लक्षणीय सुधारले, ईसीटीने ४१ टक्के, आणि स्मरणशक्तीवरचा ताण केटामाइनच्या गटात कमी होता. विरोधाभास वाटतो, पण रुग्ण वेगळे होते. अमेरिकेतले बहुतेक घरून ये-जा करणारे होते आणि भ्रम किंवा भास असलेल्यांना त्यात घेतलेच नव्हते. स्वीडनमधले अधिक आजारी, आणि तिथे वयस्करांना ईसीटीचा फायदा जास्त दिसला. यावरून मला जे समजते ते असे : ज्या आजोबांनी अन्नपाणी सोडले आहे, किंवा ‘माझी आतडी कुजली’ अशी ज्यांची पक्की समजूत झाली आहे, त्यांच्या बाबतीत केटामाइनवर वेळ घालवू नये. चाळिशीतल्या, नोकरीवर टिकून राहण्याची धडपड करणाऱ्या, विसरण्याची भीती असलेल्या बाईंच्या बाबतीत आधी केटामाइन करून पाहणे रास्त आहे. मधल्या कितीतरी जणांचा निर्णय मानसोपचारतज्ज्ञांनीच घ्यायचा, पण शॉक नको म्हणून केटामाइन, एवढेच कारण असू नये.

आता पुन्हा त्या मागे पडलेल्या आकड्याकडे येऊ. परिणाम ओसरतो. स्वीडनच्या अभ्यासात बरे झालेल्यांपैकी वर्षभरात दोन्ही गटांतले सुमारे दोन-तृतीयांश पुन्हा खाली गेले. फवाऱ्याचे वेळापत्रक पाहा : पहिले चार आठवडे दोनदा, पुढचे चार आठवडे एकदा, म्हणजे दोन महिन्यांत बारा वेळा. त्यानंतर दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला, वर्षाला २६ ते ५२ वेळा. पूर्ण बऱ्या झालेल्यांच्या एका चाचणीत फवारा चालू ठेवलेल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांचा आजार उलटला, बंद केलेल्यांपैकी ४५ टक्क्यांचा. म्हणजे चालू ठेवण्याचा उपयोग आहे, आणि बंद केलेल्यांतही निम्म्याहून अधिक टिकले, हेही खरे. सलाईनमध्ये औषधाची बाटली स्वस्त असते. पैसे लागतात ते खाटेला, मॉनिटरला, माणसांना. शिवाय सोबत येणाऱ्याची रजा, एसटीचे भाडे, मुलांना कुणाकडे तरी ठेवणे. सहा सलाईनचे पॅकेज सांगितले जाते. सातव्या महिन्याचे कुणी सांगत नाही. म्हणून नातेवाइकांना मी सांगते, की सलाईन का फवारा हे विचारण्याआधी डॉक्टरांना हे विचारा : किती वेळा देऊन फरक नाही पडला तर थांबायचे? फरक पडला तर तो टिकवायला काय करायचे, कोणती गोळी, कुठले समुपदेशन, पुढच्या सलाईन किती अंतराने? रक्तदाब चढला तर पाहायला खोलीत कोण असेल? ही उत्तरे ज्या ठिकाणी नीट मिळतील, तिथे जे मिळते ते घ्यावे. चांगली देखरेख असलेली साधी सलाईन मी बेफिकीर ठिकाणच्या महागड्या फवाऱ्यापेक्षा केव्हाही पसंत करीन, आणि उलटही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा असेल किंवा मेंदूत पूर्वी रक्तस्राव झाला असेल, तर हे औषध नको. रक्तदाब आटोक्यात नसेल तर आधी तो आणावा. संमतीपत्रावर हा वापर ऑफ-लेबल आहे हे लिहिलेले असावे. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला इतर आजारांसारखेच विमा संरक्षण द्यायला सांगितले आहे, पण ऑफ-लेबल उपचाराचा दावा मंजूर होईल का, हे कंपनीला आधी लेखी विचारून घ्यावे. आणि घरातल्या कुणाच्या बोलण्यात जीव देण्याचा विचार येत असेल तर केटामाइनच्या तारखेची वाट पाहू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीतून बोलता येते, तिथे फोन करा किंवा सरळ रुग्णालय गाठा.

उपचाराच्या दिवशी आधी किती तास उपाशी राहायचे ते डॉक्टर सांगतील, ते पाळा, कारण मळमळ होते. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. रात्री नीट झोप झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून चालेल. आणि घरी नेताना रिक्षा करा. पुष्कळजण रुग्णाला मोटारसायकलवर मागे बसवून नेतात. तासाभरापूर्वी ज्याला आपले हात आपले वाटत नव्हते, त्याला ‘मागचा दांडा घट्ट धर’ म्हणून सांगण्यात अर्थ नाही.